अण्णाचा घोगऱ्या

अण्णानं माझ्यापुढं हात जोडले तेव्हा मी खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी बघत होतो. खरं तर त्याच्याकडं बघायचं टाळत होतो. माझा थोरला भाऊ भूपाल, एकोणसत्तर वर्षांचा धट्टाकट्टा माणूस, चार महिन्यांत पलंगावर घडी घालून ठेवलेल्या धोतराएवढा उरला होता. यकृताचा कॅन्सर. डॉक्टरांनी हात टेकल्यावर त्यानं मुनिमहाराजांकडून सल्लेखनेचा नियम घेतला. एकेक गोष्ट सोडत जायचं, आधी धान्य, मग दूध, मग ताक, शेवटी पाणीसुद्धा, आणि मनातला राग-लोभ आवरून शांतपणे निघायचं. त्याआधी सगळ्यांची क्षमा मागायची असते, एकेकाला समोर बसवून, आणि समोरच्यानं 'माझीही क्षमा असावी' म्हणायचं असतं. ही आमची जैनांची रीतच. पर्युषण संपल्यावर दरवर्षी आम्ही हेच करतो. हल्ली तर फोनवर एक चित्र पाठवलं की सगळ्या गावाची माफी मागून होते. सकाळपासून मुलगा, सून, दुकानातला जुना हमाल, शेजारचे असं करत पाळी माझ्यापर्यंत आली होती आणि मी तोंडात वाक्य तयार ठेवून बसलो होतो. पण अण्णा रीतीतलं काही म्हणालाच नाही. तो म्हणाला, "नेमू, तो डबा. तू एवढा जीव लावून ओतून दिलतास आनि मी आत कायतरी चुकीचं जोडलं. तुझी मेहनत मातीत घातली. सांगायचं ऱ्हायलंच बघ. तेवढी क्षमा कर." आणि मी म्हणालो, "माझीही क्षमा असावी." आपोआप आलं. 'जेवून जाता का' विचारल्यावर 'आत्ताच झालं' येतं तसं. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. कुणीतरी मला पाणी दिलं आणि ते मी पिऊनही टाकलं.

गिटारला जोडायचा तो डबा अण्णानं बिघडवला नव्हता. मी जाळला होता. जाणूनबुजून, बेचाळीस वर्षांपूर्वी, एका शनिवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. हे माझ्याखेरीज कुणाला माहीत नाही, बायकोलाही नाही. इतकी वर्षं ते आत पडून होतं आणि मला वाटायचं, पडून पडून गंजलं असेल. तसं काही नव्हतं. ज्याचं घर फोडलं त्यानंच चोराला बोलावून म्हणावं की कडी मीच नीट लावली नव्हती, मनावर घेऊ नको, अशी गत झाली होती. लक्ष्मीपुरीतल्या अण्णाच्या घरून उद्यमनगरातल्या माझ्या घरापर्यंत मी चालत आलो, वाटेत दोघा-तिघांनी विचारलं, "अण्णा कसं हायत?" मी म्हणालो, "शांत हायत." शब्द बरोबर होता, त्यामुळेच तो बोलून मी घाईनं पुढं सरकलो. मला माफी हवी होती. पण जे केलं त्याची. अण्णानं भलत्याच गोष्टीची मागून आणि माझ्याकडून घेऊन ती वाट बंद करून टाकली होती.

तेव्हा ठरवलं की डबा दुरुस्त करायचा. त्याच्या उशाशी नेऊन वाजवायचा, आणि तो आवाज त्याच्या कानात असतानाच सांगायचं की हे तुझं, हे कधीच बिघडलं नव्हतं, मी जाळलं. मेलेल्या डब्यासकट सांगायची माझी छाती नव्हती. काहीतरी परत करत करत सांगावं म्हणजे ऐकणाऱ्यालाही हातात काही राहतं, असा माझा विचार. आता वाटतं की हा विचार अण्णासाठी नव्हताच. पण त्या दिवशी त्याच्याकडं फार तर दहा-बारा दिवस होते आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं. पुतण्यानं, सम्मेदनं, दुकानाच्या माळ्यावरून डबा काढून दिला. पोत्याच्या सुतळीत गुंडाळलेला, वर इंचभर धूळ. हातात घेतला आणि वजनानंच ओळख पटली. वहिनी दारात उभ्या होत्या. अक्काताई हे त्यांचं नाव, पण चाळीस वर्षांत मी ते कधी उच्चारलेलं नाही. त्या म्हणाल्या, "भावजी, हे कशाला काढलासा?" मी म्हणालो, "दुरुस्त करतो. एकदा ऐकू दे त्याला." त्या दारातून बाजूला झाल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्यांनी गिटार सोडली, मग आपली मानसं बी सोडली. नातू कडंला बसला तर हात फिरवत न्हाईत आता. किती कष्टानं सोडाय लागल्यात ते मी बघतीया. तुम्ही आनि परत कायतरी बांधाय आनू नका." बरोबर होतं त्यांचं. शेवटच्या घटकेला मन जिथं अडकेल तिथं जीव अडकतो, असं आमची आईही सांगायची. राग, हाव, हळहळ, काहीही उरलं तरी आयुष्यभराचं केलेलं पाण्यात. मी मान डोलावली आणि डबा घेऊन निघालो.

त्याला आम्ही घोगऱ्या म्हणायचो. गिटारची तार छेडली की तिचा गोड आवाज एका वायरीनं ह्या डब्यात शिरायचा आणि दुसऱ्या वायरीनं बाहेर पडताना घोगरा, फाटलेला, अंगावर येणारा होऊन पडायचा. परदेशात असले डबे मिळतात हे अण्णानं कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. इथं कोण आणून देणार? त्या वेळी तो दुपारी घरच्या दुकानात धान्याचे नमुने दाखवायचा आणि संध्याकाळी एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. मी शिरोलीतल्या एका फौंड्रीत, ओतकामाच्या कारखान्यात, नुकताच लागलो होतो. तो मला डबा द्यायला यायचा, म्हणजे जेवणाचा डबा, आणि ओतलेल्या जॉबच्या, म्हणजे सुट्या भागांच्या, कडा ग्राइंडरनं घासायची शेड होती तिथं उभा राहायचा. आम्ही कानांत बोळे घालून फिरायचो तिथं हा डोळे मिटून. एकदा म्हणाला, "नेमू, मला ह्यो आवाज पायजे. पर सुरात." जुन्या रेडिओतले दोन ट्रान्झिस्टर त्यानं काढले. पायानं दाबायचं बटण ट्रकच्या डिपरचं, पूर्वी गाड्यांचा डिपर पायाशी असायचा तो. खोकं मी केलं. लाकडाचा नमुना तासला, वाळूत साचा धरला, आमच्या मिस्त्रीची नजर चुकवून ॲल्युमिनियम ओतलं. पहिलं फुगलं, दुसऱ्याला भोक पडलं, तिसरं निघालं. साचा फोडून ते गरम खोकं वाळूतून काढलं तेव्हा मी किती खूश होतो. वीस वर्षांचा होतो. पहिल्यांदा वाजवलं ते घरी, मधल्या खोलीत, आणि आई देवघरातून बाहेर येऊन म्हणाली, "काय फाटलं रं?" अण्णा इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. असं हसताना मी त्याला नंतर कधी बघितलं नाही, आणि त्याचं कारण मी आहे.

झालं ते असं. मुंबईचे एक संगीत-संयोजक कुठल्याशा कामाला कोल्हापुरात आले होते, त्यांनी ऑर्केस्ट्रात तो आवाज ऐकला आणि अण्णाला निरोप पाठवला की सोमवारी मुंबईला या, रेकॉर्डिंग आहे, त्या डब्यासकट या. आप्पा, म्हणजे आमचे वडील, रागावले नाहीत. ते कधी रागवायचेच नाहीत, तेच अवघड होतं. जेवताना म्हणाले, "जाऊ दे भूपालला. दोघांतला एक गादीवर बसला म्हंजे झालं. नेमू, तू महिनाअखेरीस फौंड्री सोड." एवढंच. पुढचा घास घेतला त्यांनी. मला ते पोत्यांच्या भिंती असलेलं दुकान डोळ्यांपुढं आलं, ज्वारीची धूळ, गिऱ्हाइकापुढं पसरलेला तळहात, आणि वाटलं मला जिवंत पुरतायत. मला लोखंड आवडत होतं. भट्टीचं तोंड उघडल्यावर तोंडावर येणारी धग आवडत होती. मी अण्णाला म्हणालो, "डबा दे, कडा घासून चकाचक करून आनतो. मुंबईला न्यायचाय." त्यानं तो टॉवेलात गुंडाळून दिला. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत ट्रकच्या दोन बॅटऱ्या जोडून मी त्यांच्या तारा डब्याच्या बॅटरीच्या टोकांना टेकवल्या, त्याही उलट्या. नऊ व्होल्टच्या जागी चोवीस. आवाजसुद्धा झाला नाही. एवढ्याशा गोष्टीनं काही होणार नाही असंही क्षणभर वाटलं, आणि सांगायचंच तर, जरा बरं वाटलं. मग मी कडा खरोखर घासल्या. आरशासारख्या केल्या.

रविवारभर अण्णा वायरी बदलत बसला, बॅटरी बदलत बसला. उघडून काही करायची सोय नव्हती, कारण ऑर्केस्ट्रातली मंडळी आत डोकावतात म्हणून जोडणी झाल्यावर त्यानं आतली सगळी पोकळी भरून टाकली होती, तपकिरी, चकचकीत, दगडासारख्या भरावानं. संध्याकाळी तो म्हणाला, "वाजला तो योगायोग हुता. माझ्या हातात ती कला न्हाय." मुंबईला पत्र टाकलं आणि सोमवारी दुकानात जाऊन बसला. दुसरा डबा कर म्हणून मित्र मागं लागले, पण छे. माणूस एकदा स्वतःविषयी काही ठरवतो आणि मग त्यावरच घर बांधतो. अण्णानं बांधलं. आपल्या अंगात ते नव्हतं, बरं झालं वेळीच कळलं, हे तो लग्नात, बारशात, हसत हसत सांगायचा. चाळीस वर्षं मी ते ऐकत होतो आणि हातातल्या ताटात बघत होतो. मी फौंड्रीत फोरमन झालो. दोनदा तोंडाशी आलं होतं, एकदा आप्पा गेले तेव्हा आणि एकदा मला पहिला नातू झाला तेव्हा. पण तो इतका समाधानी दिसायचा की वाटायचं, आता सांगून त्याचं काय भलं होणार? भ्याडाला असली कारणं बरोबर सापडतात.

बायको मुलीकडं पुण्याला गेली होती. मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर वर्तमानपत्र अंथरून बसलो. जळलेत ते दोन ट्रान्झिस्टर असणार, एवढं मला कळत होतं. अण्णाच्याच हाताखाली शिकलो होतो थोडंफार. तसले दोन जुन्या रेडिओतून मिळवले. प्रश्न भरावाचा होता. आतली जोडणी कुठंच कागदावर नव्हती, ती अण्णाच्या डोक्यात होती आणि अण्णा आता डोकं रिकामं करत होता. म्हणजे भराव अलगद काढायचा, आतलं एकही टोक न तोडता. मी आठवून बघितलं. अण्णाचा एक मित्र गुजरीत सोनार होता. कोल्हापुरी साजाच्या पोकळ मण्यांत लाख भरतात, तीच लाख त्यानं अण्णाला दिली होती. तो लाखेचा गोळा मला स्वच्छ आठवत होता, आमच्या मागच्या खिडकीत, उन्हात चमकणारा. लाख म्हणजे सोपं काम. मंद उष्णतेनं मऊ होते, काडीनं उपसून काढता येते. तीन दिवस मी नुसता डब्याकडं बघत होतो, धीर होत नव्हता. रोज सकाळी लक्ष्मीपुरीत जाऊन यायचो. ताक सुटलं होतं. आता दिवसातून एकदा गरम पाणी. अण्णा मला बघून पापण्या हलवायचा, बस्स. चौथ्या दिवशी मी कढईत बारीक वाळू घेतली, शेंगदाणे भाजायला घेतात तशी, डब्याचं झाकण काढून तो वाळूत बसवला आणि गॅस बारीक ठेवला. उष्णता सगळीकडून सारखी लागावी म्हणून. इतक्या वर्षांचा अनुभव.

अर्धा तास झाला तरी काडी शिरेना. म्हटलं जुनी लाख आहे, घट्ट झाली असेल. आच थोडी वाढवली. परत थोडी. मग वास आला. लाखेचा गोडसर वास नव्हे; डोळ्यांना झोंबणारा, घशात कडू उतरणारा, अडतीस वर्षं रोज सकाळी पहिली पाळी सुरू होताना नाकात शिरायचा तो. कोअर शॉपचा वास. साच्यात बसवायचे वाळूचे गाभे घट्ट व्हावेत म्हणून आम्ही जे रेझिन वापरायचो त्याचा. मी तसाच उभा राहिलो. आणि मग ती दुपार आली, सगळीच्या सगळी, इतकी वर्षं कुठं होती कुणास ठाऊक. आई खिडकीतला लाखेचा गोळा कागदात धरून उभी आहे, अंगापासून लांब. "किड्यांच्या जिवावरची वस्तू हाय ती, भूपाल. माझ्या घरात नको." आणि अण्णा वाद घालत नाही, हसत नाही, गोळा घेऊन सोनाराला परत देऊन येतो, आणि रात्री जेवताना मला म्हणतो, "तुमच्यात ते दोन बाटल्यांतलं मिसळून वततात, ते आनशील काय रं थोडं?" मीच आणलं होतं. माझ्या हातानं मिसळून दिलं होतं. दोन महिने घरात वास होता त्याचा. मला गोळा आठवला आणि तो परत गेलेला आठवला नाही. अण्णानं आईला न दुखावता काय केलं, ते मी विसरलो. रेझिन तापवलं की मऊ होत नाही, आणखी कडक होतं. हे शिरोलीतला कालचा पोऱ्यासुद्धा सांगेल. मी धावत गॅस बंद केला. कढईतून बारीकसा कट्‌ आवाज आला, मग आणखी एक. भरावाला तडे जात होते, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि तड्यांतून तांब्याच्या तारांची तुटलेली टोकं दिसत होती, केसासारखी. मी ती जुळवायला गेलो आणि बोट भाजलं. मग खाली फरशीवर बसून मोठ्यानं रडलो. बासष्टाव्या वर्षी माणूस असा रडतो तेव्हा त्याला स्वतःचीच लाज वाटते, तरी थांबता येत नाही. एकच डबा मी दोनदा जाळला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोकळ्या हातानं गेलो. खोलीत दहा-बारा माणसं होती, हळू आवाजात णमोकार मंत्र चालू होता. पाणीही आदल्या दिवशीपासून घोटभरच घेत होते असं सम्मेदनं सांगितलं. वहिनी उशाशी होत्या. मला बघून सरकल्या, जागा दिली. मी रस्ताभर पाठ केलं होतं, तीन वाक्यं. डबा चांगला होता. मी जाळला. मला दुकानात बसायचं नव्हतं. एवढं म्हणायचं आणि तो जे म्हणेल ते घ्यायचं, काहीच म्हणाला नाही तर तेही घ्यायचं. मी त्याच्या कानाशी तोंड नेलं. कान थंड होता आणि आश्चर्य म्हणजे तसाच होता, लहानपणी मी झोपेत धरायचो तसा. "अण्णा," मी म्हणालो, "त्यो डबा चांगला हुता. तुझं काय बी चुकलं न्हवतं."

पहिलं वाक्य सुटलं आणि मी दम घ्यायला थांबलो. थांबायला नको होतं. अण्णानं डोळे उघडले. गेले काही दिवस त्या डोळ्यांत काहीच नसायचं, म्हणजे ते काहीच नसणं त्यानं मोठ्या कष्टानं मिळवलं होतं, आणि आता माझ्यासमोर त्यात काहीतरी हललं. तो माझ्याकडं बघत नव्हता. वर, कुठंतरी तुळईच्या पलीकडं बघत होता. ओठ हलले. एवढ्या जवळ नसतो तर मलाही ऐकू आलं नसतं.

"मग मी उगंच ऱ्हायलो की," अण्णा म्हणाला.

उरलेली दोन वाक्यं तोंडात होती. सांगितली असती तर त्याला माझा राग आला असता. न सांगता मी त्याला त्याच्याच हवाली केला. जे घर त्यानं बांधलं होतं त्याचा पाया मी काढून घेतला आणि त्या जागी ठेवायला माझ्याकडं सत्य होतं, तेही मी ठेवलं नाही. 'अण्णा, ऐक,' असं म्हणायला मी आणखी वाकलो. त्याच्या उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाण्याचा एक थेंब निघाला आणि केसांत गेला. मग त्यानं मान भिंतीकडं वळवली. एवढी ताकद कुठून आणली कुणास ठाऊक. वहिनींनी चमच्यानं पाणी लावलं, त्यानं ओठ मिटून घेतले. सगळ्यांना वाटलं पाणीही सोडलं, आणि मंत्राचा आवाज जरा मोठा झाला. मी तिथंच बसून राहिलो. अकराच्या सुमाराला त्याचा श्वास थांबला. भिंतीकडची मान तशीच होती.

वहिनी रडल्या नाहीत, रडायचं नसतं. त्यांनी त्याचा चेहरा सरळ केला, कपाळावरचे केस मागं सारले, आणि माझ्याकडं वळल्या. "भावजी," त्या म्हणाल्या, "शेवटचं तुमच्याशी बोललं. वट हलल्यालं बघितलं मी. काय म्हटलं?"

खोलीतला आवाज बंद पडला. सम्मेद फोन हातात धरून थांबला होता, समाजाला कळवायचं होतं. सगळे माझ्याकडं बघत होते. वहिनींनी दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं होतं.

"णमो अरिहंताणं म्हटलं," मी म्हणालो.

"सगळं?"

"तेवढंच. पर स्पष्ट म्हटलं."

"सोनं झालं त्यांचं," वहिनी म्हणाल्या, आणि मग वाकून त्यांनी माझ्या, वयानं लहान दिराच्या, पायांना हात लावला. बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या, फळ्यावर संध्याकाळी खडूनं लिहिलं गेलं की श्रावक भूपाल यांनी अरिहंतांचं नाव घेत शांत भावानं देह ठेवला. दोन महिने झाले. माणसं येतात, कबनूरकडचे पाहुणे येतात, ज्यांचं कुणी अंथरुणाला खिळलंय तेही येतात, आणि मला कडेला घेऊन विचारतात, खरंच ऐकलं का तुम्ही, कसं म्हणाले, कुठल्या आवाजात? आणि मी त्यांना म्हणून दाखवतो.